शॉकपचं सील बदलण्याआधी पाइपवरून नख फिरवा

माझी स्प्लेंडर 1998 ची. हर्णैला घर समुद्राकडे तोंड करून, आणि गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर. पुढचा उजवा शॉकप गळायला लागला तेव्हा गॅरेजमध्ये सील, म्हणजे आतलं तेल अडवणारी रबरी कडी, बदलून घेतलं. महिन्यात पुन्हा गळती. दुसऱ्यांदा मी स्वतः बदललं, स्क्रूड्रायव्हरने ठोकून. ते आठ दिवसही टिकलं नाही. दोन सिलं वाया गेल्यावर सीलमधून वरखाली होणाऱ्या क्रोमच्या पाइपवरून नख फिरवलं, तर दोन जागी अडकलं. खाऱ्या हवेने क्रोम फोडून बारीक खड्डे पाडले होते. सील किती का भारी असेना, त्या खड्ड्यांवरून रोज हजारदा घासलं तर त्याची ओठासारखी कड फाटणारच.

तेव्हा आधी पाइप बघा. पाइपला सुतळीचा, आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट फेरा बांधून सीलला टेकवा आणि एक चक्कर मारून या. फेरा जिथवर सरकेल, तेवढाच भाग सीलखालून जातो. त्याच्या वरचा गंज दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. खाली नख अडकत असेल तर हजार नंबरचा, मग दोन हजारचा पॉलिश पेपर तेलात बुडवून पाइपभोवती गोल फिरवा. उभा घासलात तर तेलाला वाट करून दिलीत. तरीही नख अडकतंय तर नवीन पाइप घ्या.

गाडी पुळणीवर नेत असाल तर कधीकधी सील फाटलेलं नसतंच, कडेखाली वाळूचा कण अडकलेला असतो. डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं रबर) वर सरकवून जुन्या एक्सरेची पट्टी, टोकाला छोटा आकडा कापून, सीलच्या कडेला गोल फिरवा. माझा डावा शॉकप एवढ्यावरच सुधारला.

नाहीच थांबलं, तर खोला. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली जांभ्याचा चिरा आणि वर लाकडाची फळी. पुढचं चाक, मडगार्ड काढा. आता घाई करू नका: शॉकप गाडीवर असतानाच, तळातला ॲलन बोल्ट (सहा कोनी खाचेचा) सैल करून घ्या. आत स्प्रिंगचा दाब असेपर्यंत आतला दांडा जागीच दाबलेला राहतो. स्प्रिंग निघाली की बोल्टाबरोबर तोही गरगर फिरतो. मी तिथेच एक अख्खी दुपार घालवली आहे.

मग पाइपच्या तोंडावरचा बोल्ट काढा. स्प्रिंग उसळू शकते, तोंड बाजूला ठेवा. खालच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून शॉकप खाली ओढा, तेल डब्यात उलटं करा. माझं तेल राखाडी आणि कुजक्या वासाचं निघालं. बायको म्हणाली, "अहो, ते खळ्यात नको, पडवीत तर नकोच." डबा गॅरेजवाल्याला दिला.

ॲलन बोल्ट पूर्ण काढला की पाइप सुटतो. डस्ट सीलखालचं लॉक (सील धरणारी तारेची कडी) काढून जुनं सील उचकटा, पण ॲल्युमिनियमच्या कडेला ओरखडा पडू देऊ नका. पान्याखाली कापडाची घडी ठेवा. सगळं रॉकेलने धुऊन पुसा. लॉक गंजलेलं असेल तर नवंच घाला, तेवढ्या पैशासाठी कोण रडतं?

पाइप आत बसवा, दांडा फिरू नये म्हणून स्प्रिंग तात्पुरती घालून वरून दाबून धरा आणि ॲलन बोल्ट नव्या तांब्याच्या वॉशरसकट घट्ट करा. नव्या सीलला आतून शॉकपचं तेल लावा. पाइपच्या वरच्या टोकावर दुधाची पिशवी चढवा, म्हणजे धारदार कडेने सील कापत नाही. सीलच्या कडेतली बारीक स्प्रिंग दिसणारी बाजू खाली, तेलाकडे. नंबर छापलेली वर. ते ठोकायला स्क्रूड्रायव्हर नको. पाइपवरून सरकेल असा पीव्हीसीचा तुकडा प्लंबिंगच्या दुकानात मिळतो. मधे जुनं सील ठेवा आणि वरून हलके सरळ ठोके द्या. आवाज बदलला, लॉकची खाच पूर्ण दिसली, की बसलं.

तेल मॅन्युअलमध्ये दिलेलं आणि तेवढंच, दोन्ही शॉकपांत सारखं. निघालेलं मोजून तेवढं भरू नका, निम्मं आधीच गळून गेलेलं असतं. भरल्यावर पाइप आठ-दहा वेळा सावकाश वरखाली करा, हवा निघते.

चाक बसवण्याआधी ब्रेकचा ड्रम बघा. तेल आत ओघळलं असेल तर लायनर बदला. पुसलेल्या लायनरवर केळशीचा उतार मी उतरणार नाही.

पाइप झाकणारे रबरी बूट घालावेत असं गॅरेजवाले सांगतात. मी घातले आणि काढले. आत खारी ओल साचून पाइप अजून लवकर गंजला. आता किनाऱ्यावरून आलो की विहिरीच्या गोड्या पाण्याचा तांब्या पाइपवर ओततो आणि पुसून टाकतो. दोन पावसाळे झाले, डस्ट सील कोरडं आहे.