वर्णनात्मक संशोधन करताय? या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतून तयार होणाऱ्या लघुशोधप्रबंधांत 'वर्णनात्मक पद्धत' हे शब्द हमखास असतात. पद्धत सोपी आहे असा समज असतो: प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, आलेख जोडायचे. खरं तर ही पद्धत फार शिस्त मागते. जे आहे ते, जसं आहे तसं मांडायचं. कोण, काय, किती, कुठे, केव्हा, एवढंच तिने सांगायचं. 'कशामुळे' याचं उत्तर तिच्याकडे नसतं, आणि तेच तिच्याकडून वदवून घेण्याचा मोह सगळ्यांत जास्त होतो.

शीर्षकात 'परिणाम' शब्द

'टिश्यू कल्चर रोपांचा केळी उत्पादनावर झालेला परिणाम: रावेर तालुक्याचा वर्णनात्मक अभ्यास.' असं शीर्षक दिलं की पुढचा सगळा प्रबंध अडकतो. तुम्ही शेतकऱ्यांना भेटलात, नोंदी घेतल्या आणि टिश्यू कल्चरवाल्यांच्या घडाचं वजन जास्त भरलं. पण प्रयोगशाळेत वाढवलेली ही महाग रोपं लावणाऱ्याकडे बहुधा भांडवल असतं, बोअरला पाणी असतं, ठिबकमधून विद्राव्य खतं वेळेवर जातात. कंद लावणाऱ्याकडे यातलं बरंचसं नसू शकतं. मग वजन रोपामुळे वाढलं, पाण्यामुळे की पैशामुळे? तुमच्या माहितीतून हे वेगळं काढता येत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. कुठल्या तुकड्यात कोणतं रोप लावायचं हे तिथे संशोधक ठरवतो आणि बाकीच्या गोष्टी शक्य तेवढ्या सारख्या ठेवतो.

'टिश्यू कल्चर लावणाऱ्यांच्या घडाचं सरासरी वजन जास्त आढळलं' हे वाक्य चालेल. 'टिश्यू कल्चरमुळे वजन वाढलं' हे चालणार नाही. शीर्षकही 'रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांच्या लागवड पद्धती आणि उत्पादन' असं साधं ठेवा. त्याने अभ्यास लहान होत नाही. आपल्या भागात कोण काय लावतो याची नीट केलेली नोंद मोलाचीच असते.

याच ओघात गृहीतकांचं सांगतो. मार्गदर्शक मागतात म्हणून शेवटी तीन-चार गृहीतकं आणि एखादी काई-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध योगायोगाचा आहे का हे तपासणारी) चिकटवली जाते. निव्वळ वर्णन करणाऱ्या अभ्यासाला गृहीतक अनिवार्य नाही. स्पष्ट उद्दिष्टं आणि संशोधन प्रश्न पुरतात. मार्गदर्शकांशी याबद्दल सुरुवातीलाच बोला.

चुकीच्या महिन्यात गाव गाठणं

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला बाहेर पडतात, त्यांतली अनेक होळीला परततात. जानेवारीत तिथे सर्वेक्षण केलं तर घरी म्हातारी माणसं आणि काही मुलं भेटतील. त्यावरून 'कुटुंबाचा सरासरी आकार' किंवा 'कमावत्या व्यक्तींचं प्रमाण' काढलं, तर ते त्या पाड्याचं चित्र नसतं. मागे राहिलेल्यांचं असतं.

शेतीच्या अभ्यासातही हेच. केळीत मृगबाग आणि कांदेबाग यांची लागवड वेगवेगळ्या वेळी होते, काढणीही वेगळी. कडाक्याच्या थंडीने बागेला चरका बसलेला असताना विचारलेलं 'शेती परवडते का?' आणि चांगल्या भावात माल गेल्यावर विचारलेलं तेच, यांची उत्तरं सारखी येणार नाहीत. माहिती कोणत्या महिन्यांत गोळा केली हे प्रबंधात लिहा, आणि निष्कर्षही त्याच काळापुरते ठेवा.

सूत्राने काढलेला नमुना, सोयीने निवडलेली माणसं

गावात १,२०० खातेदार आहेत. किती जणांना विचारायचं हे काढण्याच्या यामाने यांच्या सूत्रात ५ टक्के त्रुटी धरली की नमुना ३०० येतो. इथवर ठीक. पण मग ते ३०० जण ओळखीतले, बाजाराच्या दिवशी भेटलेले किंवा मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्म भरणारे असतात. हे सूत्र यादृच्छिक निवड गृहीत धरतं. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची समान संधी नसेल, तर ३०० या आकड्याला आधार उरत नाही. सुरत-नागपूर महामार्गालगतची चार गावं घेऊन 'खान्देशातील शेतकरी' असं म्हणणंही असंच. सातपुड्याच्या पायथ्याचा चोपडा-यावल पट्टा आणि कोरडवाहू साक्री यांत किती अंतर आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

सोयीचा नमुना घेणं गुन्हा नाही. विद्यार्थ्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही थोडं असतं. फक्त तसं लिहा, आणि निष्कर्ष भेटलेल्या माणसांपुरतेच मांडा.

प्रश्नावलीतल्या खाचा

'तुमची जमीन किती?' याला कुणी बिघ्यात उत्तर देतो, कुणी एकरात, सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. तिन्ही एकाच रकान्यात गेलं की पुढची सरासरी निरुपयोगी. एकक आधी ठरवा. उत्तर ज्या एककात मिळालं तेही शेजारी नोंदवा.

पुस्तकी मराठीत छापलेला प्रश्न अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या घरात प्रत्येक कार्यकर्ता आपापल्या परीने विचारतो आणि प्रश्न घरागणिक बदलतो. बोलीतला मजकूर आधीच लिहून घ्या, आठ-दहा घरांत विचारून पाहा, अडखळलं तिथे बदला. 'पीक विमा आणि कर्जमाफीबद्दल समाधानी आहात का?' असे दुहेरी प्रश्न फोडून दोन करा.

सरासरीवर फार भिस्त

समजा दहा शेतकरी आहेत. नऊ जणांकडे दोन-दोन एकर, एकाकडे ४२. सरासरी निघते ६ एकर आणि एवढी जमीन त्यांतल्या कुणाकडेच नाही. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, २ एकर येतो, तो खरं सांगतो. जमीन, उत्पन्न, कर्ज या तिन्हींत मध्यक द्याच. आठांपैकी पाच जण 'हो' म्हणाले तर नुसतं '६२.५ टक्के' लिहू नका. मूळ संख्या सोबत हवी.

जुने आकडे जुळवताना

धुळे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये २५ लाखांवर होती, २००१ मध्ये ती १७ लाखांच्या आसपास दिसते. लोक कुठे गेले नाहीत. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. तक्ता करण्याआधी हद्दी तपासा, दोन्ही जिल्हे एकत्र धरून तुलना करा. जनगणना २०११ ची असेल तर नंदुरबारची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार 'होती' असं वर्षासह लिहा.

माहिती गोळा करून झाली असेल तर?

बरेच जण इथे पोहोचेपर्यंत फॉर्म भरून झालेले असतात. तरी पुष्कळ सावरता येतं. शीर्षकातून 'परिणाम' काढता येतो. विद्यापीठाकडे विषय नोंदवला असेल तर बदलाची रीत विभागात विचारा. 'मुळे' असलेली वाक्यं शोधून 'आढळलं' अशी करा. मध्यक पुन्हा काढायला एका संध्याकाळचं काम. एकक नोंदवलं नसेल तर शक्य तिथे फोन करून विचारा, उरलेल्या नोंदी त्या तक्त्यातून वगळा आणि किती वगळल्या ते तक्त्याखाली लिहा. कोरी राहिलेली उत्तरं 'नाही' मध्ये ढकलू नका, त्यांना वेगळा रकाना द्या. कर्जाच्या प्रश्नाला निम्म्या घरांनी उत्तर टाळलं असेल, तर तीही नोंद प्रबंधात जायला हवी.