नोकरीही, धंदाही: पीएफचं गणित कसं बसवावं

दिवसा महापे एमआयडीसीत अकाउंट्स आणि संध्याकाळी कोपरखैरण्यात अकरावी-बारावीचे क्लास, किंवा ऐरोलीत आयटीची नोकरी आणि शनिवार-रविवार स्वतःचं डिझाइनचं काम. ठाणे-नवी मुंबईत अशी माणसं इमारतीगणिक सापडतील. पगारावर पीएफ कापला जातो म्हणून ती निर्धास्त असतात, पण दुसऱ्या कमाईवर म्हातारपणासाठी एक रुपयाही जमा होत नसतो. तो कोणी कापत नाही, तो आपणच बाजूला काढायचा असतो.

आधी पगारपत्रक काढा आणि पीएफ नक्की कशावर कापतात ते बघा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, की फक्त १५,००० वर १२ टक्के, म्हणजे १,८००? बऱ्याच खासगी कंपन्या यातला दुसरा हिशेब धरतात. त्याच कागदावरची पीटी हा राज्याचा व्यवसाय कर आहे, त्याचा तुमच्या पेन्शनशी काही संबंध नाही.

यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर, त्याला आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं असेलच. नसेल तर आजच जोडा.

आता खरी अडचण. क्लासचा किंवा धंद्याचा पैसा पीएफ खात्यात थेट भरता येत नाही. 'ऑनलाइन भरून टाका' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, तशी सोय नाही. पीएफमध्ये जास्तीचा पैसा जातो तो फक्त पगारातून, व्हीपीएफच्या, म्हणजे स्वखुशीने वाढवून घेतलेल्या पीएफ कपातीच्या रूपाने. मलाही हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. उत्तर असं: पगारातून व्हीपीएफ वाढवून कापून घ्यायचा आणि पगारात जेवढी तूट येईल तेवढा घरखर्च धंद्याच्या पैशातून चालवायचा. कंपनी व्हीपीएफवर आपली भर घालत नाही, पण व्याज पीएफचंच मिळतं, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं.

किती कापायचा, इथे लोक घसरतात. सल्ले देणारे अडीच लाखांची मर्यादा सांगून मोकळे होतात. मर्यादा खरी आहे: तुमचा पीएफ आणि व्हीपीएफ मिळून वर्षाला २,५०,००० च्या वर गेला, तर वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र होतं. मूळ पगार ४०,००० असेल तर पीएफचे ४,८०० जाऊन महिन्याला साधारण १६,००० ची जागा उरते. पण जागा आहे म्हणून ती भरायची नसते. व्हीपीएफ दर महिन्याला ठरल्याप्रमाणे कापला जाणार आणि धंद्याचा पैसा मात्र त्याच्या सवडीने येणार. क्लासवाल्यांची फी जूनमध्ये येते, कपात एप्रिलपासून सुरू होते. मधले दोन महिने गृहकर्जाचा हप्ता कशातून भरणार?

म्हणून माझा हिशेब ठरलेला आहे. गेल्या वर्षी धंद्यातून खर्च आणि आयकर जाऊन जे उरलं, त्याच्या निम्म्याला बाराने भागा. १,८०,००० उरले असतील तर महिना ७,५००. यापुढे जाऊ नका, क्लायंट कितीही भरवशाचा असो. शिवाय मार्चमध्येच दोन महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा. एचआरला अर्ज देताना टक्के लिहू नका, रुपयांत रक्कम लिहा, नाहीतर पगारवाढ झाली की कपातही आपोआप वाढते. बऱ्याच ऑफिसांत मध्येच बदल करू देत नाहीत, तेव्हा अर्ज मार्चमध्येच द्या आणि पोच घ्या.

पहिल्या कपातीनंतर पासबुक बघा. व्हीपीएफचा वेगळा रकाना नसतो, रक्कम एम्प्लॉयी शेअरमध्येच मिसळलेली दिसते. वरच्या उदाहरणात तिथे ४,८०० च्या जागी १२,३०० दिसले पाहिजेत. पेन्शनच्या रकान्यात सहसा १,२५० च असतील, व्हीपीएफने ते वाढत नाहीत. आकडा जुळत नसेल तर आधी पगारपत्रकाशी ताडून एचआरला मेल करा. वागळे इस्टेटच्या किंवा वाशीच्या पीएफ कार्यालयात खेटे घालायची वेळ सहसा येत नाही.

जूनमध्ये फी एकदम आली की उरलेलं पीपीएफमध्ये, म्हणजे पोस्टात किंवा बँकेत स्वतः उघडायच्या भविष्य निर्वाह खात्यात टाका, वर्षाला दीड लाखापर्यंत. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही.

एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं खातं पॅन-आधारवर घरबसल्या उघडतं. पुढे कंपनीने एनपीएस सुरू केलं तर आहे तोच प्रान (एनपीएसचा खाते क्रमांक) द्या, दुसरा काढू नका. जुन्या करप्रणालीत असाल तर स्वतः भरलेल्या ५०,००० ची जादा वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, तिथे फक्त कंपनीने भरलेल्या रकमेवर मिळते.

अटल पेन्शन योजना सुचवणारा कोणीतरी भेटतोच. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला तिच्यात नव्याने जाता येत नाही. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमाही धंद्यावर मिळत नाही. तिची २१,००० ची मर्यादा फक्त नोकरीच्या पगारावर मोजतात, त्यामुळे क्लासच्या कमाईने ईएसआयसी सुटेल ही भीती बाळगू नका.