मियाटाचं सस्पेन्शन बदलताय? आधी या चुका टाळा

इकडे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी जुनी माझदा मियाटा घेतली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, गाडी खाली कशी घ्यायची, म्हणजे तिची उंची कमी कशी करायची. आठवडाभर ऑफिसला जायचं, रविवारी स्कायलाइनच्या घाटरस्त्यावर टॉप उघडून फिरायचं आणि वर्षातून दोनचारदा लगुना सेका किंवा थंडरहिलच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे करायचा, म्हणजे आपलीच गाडी तिथे जोरात चालवायची, असं सगळं एकाच गाडीत हवं असतं. ते जमतं, मी करतोय, माझी पहिल्या पिढीतली आहे, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली, जिला सगळे एनए म्हणतात. पण पैसे घालून गाडी आधीपेक्षा वाईट झालेली पण मी बघितलीये आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा टाकणे. मियाटा हलकी, हजार किलोच्या आसपास, चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मनी धरलेलं चाक), सगळं छान, पण चाकाला वर जायला जागा फार कमी, मागे तर आणखीनच कमी. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्यावर जो फोमचा ठोकळा असतो, बम्प स्टॉप, तो कंपनीनेच सस्पेन्शनचा भाग म्हणून वापरलाय, जरा जोरात वळण घेतलं की गाडी त्याच्यावर टेकते. आता तुम्ही दीड-दोन इंच खाली घेणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या आणि शॉक, बम्प स्टॉप सगळं जुनंच ठेवलं, तर गाडी नुसती उभी असतानाच जवळपास त्या ठोकळ्यावर बसलेली असते. मग हायवे ८८० वर काँक्रीटच्या प्रत्येक जोडावर धाडधाड आपटते (आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर टायर वाजतात ना, तसंच, फक्त मणक्यात जाणवतं) आणि लोक म्हणतात स्प्रिंग फार कडक आहे. स्प्रिंग कडक नाहीये हो, गाडी स्प्रिंगवर चालतच नाहीये!

रस्त्यावर हा नुसता त्रास, ट्रॅकवर धोका. वळणाच्या मधोमध मागचं चाक बम्प स्टॉपला लागलं की तिथला कडकपणा एका क्षणात कितीतरी पट वाढतो, मागची ग्रिप जाते आणि गाडी फिरते. पुढचं लागलं तर गाडी वळायचंच सोडून सरळ जाते. लगुना सेकाला कॉर्कस्क्रू नावाच्या उताराच्या वळणांमधून खाली उतरलं की तळाला गाडी दाबली जाते, तिथे हे हमखास कळतं.

तपासायला एक झिप टाय पुरते. शॉकवरचं रबरी कव्हर काढायचं, दांड्यावर झिप टाय (प्लास्टिकची पट्टी) घट्ट बसवून खाली शॉकच्या नळीपर्यंत सरकवायची, नेहमीच्या रस्त्यावर एक चक्कर मारायची आणि ती कुठपर्यंत ढकलली गेली ते बघायचं. रोजच्या रस्त्यावरच पार ठोकळ्यात घुसली असेल तर गाडी थोडी वर घ्या, दुसरा उपायच नाही. एनए असेल तर दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९९८ नंतरच्या एनबीच्या वरच्या माउंट प्लेट (शॉकचं वरचं टोक जिथे अडकतं त्या) बसवता येतात, त्याने शॉकला जास्त प्रवास मिळतो, सोबत आखूड आणि चांगल्या फोमचे बम्प स्टॉप घ्या. फेंडर आणि टायरमधली फट फोटोत कशी दिसते ते विसरा.

स्प्रिंगच्या आकड्यांचा पण गोंधळ होतो. कोणी किलो प्रति मिलिमीटर सांगतो, कोणी पाउंड प्रति इंच, १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे साधारण ५६ पाउंड प्रति इंच एवढं लक्षात ठेवा. आणि स्प्रिंग चाकावर थेट उभी नसते, आर्मवर आत असते, चाक जितकं हलतं त्यापेक्षा ती कमी दबते. या दोन हालचालींच्या रेशोच्या वर्गाने चाकाला जाणवणारा कडकपणा कमी होतो. रेशो ०.७ असेल तर जेमतेम अर्धा, म्हणून मोठा आकडा ऐकून लगेच घाबरू नका. कॉइलओव्हरची (उंची बदलता येणारा शॉक-स्प्रिंगचा सेट) खालची रिंग फिरवून स्प्रिंग आणखी दाबली की ती कडक होते हा गैरसमज तर सगळीकडे आहे, साध्या स्प्रिंगचा रेट त्याने बदलत नाही.

तसंच शॉकची नॉब. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉक्सना फक्त रिबाउंड, म्हणजे शॉक परत उघडतानाचा विरोध, अॅडजस्ट होतो, आणि तो पूर्ण कडक केला की दाबलेली स्प्रिंग पुढचा खड्डा यायच्या आत परत उघडतच नाही, गाडी हळूहळू खाली खेचली जाते आणि फिरून त्याच बम्प स्टॉपवर येते. अगदी मऊपासून सुरू करा, गाडीचं उगाच डोलणं थांबलं की तिथेच सोडा.

आता बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे. हे मी स्वतः भोगलंय. माझ्या गाडीला नवीन रबरी बुश एका गॅरेजमध्ये बसवून घेतले आणि त्यांनी गाडी लिफ्टवर, चाकं खाली लोंबकळत असतानाच सगळे बोल्ट पूर्ण आवळले. हे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच दिसायची, दोन बाजूंची उंची वेगळी, आणि वर्षभरात रबर फाटायला लागलं. बोल्ट आधी हाताने बसवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या (रॅम्पवर किंवा चाकाखाली लाकडी ठोकळे ठेवून) आणि मगच टॉर्क रेंच लावा. गॅरेजला देताना हे तोंडाने स्पष्ट सांगा.

पुढे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) टाकणार असाल तर त्याच्या माउंटला मजबुती देणारे ब्रॅकेट पण घ्या, नाहीतर तिथला पत्रा फाटतो.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, सगळ्यात शेवटी. उंची ठरवा, चार दिवस चालवा, गाडी बसू द्या, मग. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी दीड ते दोन डिग्री निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), पुढे टो शून्य (वरून बघितलं तर चाकं सरळ), मागे अगदी थोडं टो-इन (चाकांची पुढची टोकं आत), इथून सुरुवात करा. टायर आतून खाल्ले की सगळे कॅम्बरला दोष देतात, बहुतेकदा टो चुकलेला असतो. न्यू जर्सी-बॉस्टनकडच्या मंडळींनी अपॉइंटमेंटच्या आधी खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (ज्यांनी हे कोन बदलतात) फिरतात का ते बघावं. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ते बुशच्या नळीत गंजून बसतात आणि मग कापूनच काढावे लागतात.

आणि छत नसलेली गाडी आहे हे विसरू नका. बॉडी पिळते, त्यामुळे फार कडक स्प्रिंगा टाकल्या की डॅशबोर्ड थरथरतो आणि सेटिंग नीट कळत नाही. चांगला रोल बार (सीटमागची लोखंडी कमान, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी) बॉडी थोडी ताठ करतो, पण तो मुळात जीवासाठी आहे. अमेरिकेत ट्रॅक डेवाले कन्व्हर्टिबलला बहुतेक ठिकाणी तो मागतातच, हेल्मेट घालून बसल्यावर बारच्या वरून विंडशील्डच्या कडेपर्यंत काठी धरतात आणि डोकं तिच्या खाली असावं लागतं. दिसायला लावलेला स्टाइल बार म्हणजे रोल बार नव्हे. उंच असाल तर सस्पेन्शनच्या आधी सीट खाली घ्यायचा खर्च धरा.

सगळं बसवल्यावर शेदीडशे मैलांनी बोल्ट परत तपासा, चाकाचे नट ८८ ते ११८ न्यूटन मीटरमध्ये. ट्रॅकवर पहिलं सेशन अर्ध्या जोरात चालवा, पॅडॉकमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करतात तिथे) आल्यावर आधी झिप टाय बघा, ती परत खाली सरकवा आणि मगच पुढच्या सेशनला जा.