पाहुण्या संघाच्या समर्थकांना कोठे व कसे बसवावे

फुटबॉलचा आंतरजिल्हा सामना ठरला की आयोजक मंडळ मैदानाची आखणी, पंच, चषक आणि पाहुण्या खेळाडूंचे जेवण यांची मनापासून काळजी घेते. त्या संघाबरोबर एसटीने किंवा भाड्याच्या क्रूझरने आलेले शे-दोनशे समर्थक मात्र उरलेल्या कोपऱ्यात बसतात आणि कुरबुरींना बहुधा तेथूनच सुरुवात होते. म्हणून पाहुण्यांची जागा सर्वांत आधी ठरवावी आणि यजमानांची बैठक त्यानंतर आखावी, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही बाजूंचे लोक एकाच गॅलरीत मिसळले तर काय होऊ शकते, हे कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी दिसले. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी व पळापळ होऊन १६ जणांचा जीव गेला. आपल्याकडील सामने लहान असले तरी चिडलेला जमाव सगळीकडे सारखाच वागतो.

पाहुण्यांसाठी मैदानाचे एक टोक निवडावे. तेथे रस्त्यावरून थेट येणारे स्वतंत्र दार असावे, त्यांची वाहने त्याच बाजूला उभी राहावीत आणि पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह त्याच भागात असावे, म्हणजे मध्यंतरात कोणालाही यजमानांच्या गर्दीतून जावे लागणार नाही. मराठवाड्यात मार्च ते मे या काळात दुपारी चारचे ऊनही सहन होत नाही. पूर्वेकडच्या गॅलरीत बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर मावळतीचा सूर्य येतो, त्यामुळे ती बाजू पाहुण्यांना देणे भागच असेल तर वर मंडपाचे कापड बांधावे आणि पाण्याचे जार सामना सुरू होण्यापूर्वीच भरून ठेवावेत. सावली यजमानांना आणि ऊन पाहुण्यांना, ही वाटणी लोक लगेच ओळखतात.

दोन गटांमध्ये काही ओळी पूर्ण रिकाम्या ठेवाव्यात. गर्दी वाढली, ओळखीचे कोणी आले किंवा प्रमुख पाहुण्यांची माणसे उभी राहिली म्हणून त्या जागा भरू देऊ नयेत. ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर २९ मे १९८५ रोजी तटस्थ प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या भागाची तिकिटे इटलीच्या युव्हेंटस संघाच्या समर्थकांच्या हाती गेली आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाचे समर्थक व ते यांच्यामध्ये केवळ कच्चे कुंपण उरले. तेथे ३९ लोक मृत्युमुखी पडले. आपल्या मैदानावर रिकाम्या ओळींच्या दोन्ही कडांना दोर बांधून तेथे स्वयंसेवक उभे केले तरी पुरेसे होते, पण ते शेवटची शिट्टी होऊन मैदान रिकामे होईपर्यंत तेथून हलता कामा नयेत.

दाराचा हिशेब अंदाजाने करू नये. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ आणि पायऱ्यांवरून ६६ माणसे बाहेर पडू शकतात. म्हणजे सव्वा मीटरच्या सपाट दारातून मिनिटाला साधारण शंभर जण जातील. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे, सामना चालू असताना त्याला कुलूप नसावे आणि मोटारसायकली त्याच्यासमोर लावू देऊ नयेत. मैदानाच्या बाजूने बांबूचे बॅरिकेड घातले असेल तर त्यातही सहज निघणारी वाट ठेवावी. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर ९७ लोकांचा जीव गेला, त्यात पुढच्या लोखंडी कुंपणामुळे चेंगरणाऱ्यांना मैदानात येता आले नव्हते.

सर्वाधिक तक्रारी उभे राहण्यावरून होतात. तरुण मुले ताशा घेऊन पुढच्या ओळीत उभी राहतात आणि मागे बसलेली वडीलधारी मंडळी, महिला व लहान मुले यांना काहीच दिसत नाही. ‘खाली बसा’ असे ध्वनिक्षेपकावरून दहादा सांगूनही फरक पडत नाही. त्याऐवजी उभे राहून घोषणा देणाऱ्यांना शेवटच्या ओळी आणि कुटुंबांना पुढच्या ओळी द्याव्यात. झेंड्याची काठी कोणत्या लांबीपर्यंत चालेल आणि ताशा आत नेता येईल का, हे पाहुण्या संघाच्या व्यवस्थापकाला आधीच लेखी कळवावे. दारावर वाद घालून कोणाचा झेंडा काढून घेतला की त्या गटाची मने तेथेच बिघडतात.

स्वयंसेवकांच्या संख्येबाबत फिफाच्या नियमांत धोका पाहून अडीचशे किंवा शंभर प्रेक्षकांमागे एक असे प्रमाण सांगितले आहे. पाहुण्यांच्या भागात मी शंभराचेच धरीन. स्वयंसेवकाने मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड ठेवावे आणि गोल झाला तरी मागे वळू नये. त्याच्याजवळ काठी नसावी. सर्वांत उपयोगी पडतात ते पाहुण्यांच्याच गावचे चार-पाच जाणते लोक. त्यांना वेगळ्या रंगाचे जॅकेट देऊन आपल्या स्वयंसेवकांसोबत उभे करावे, कारण “दादा, जरा मागं सरका” हे आपल्या माणसाच्या तोंडून ऐकले की मुले ऐकतात. भांडण सुरू झालेच तर स्वयंसेवकांनी दोघांना वेगळे करावे, प्रकरण बंदोबस्तावरील पोलिसांकडे सोपवावे आणि गॅलरीसमोर कोणाला जाब विचारू नये.

सामना संपल्यावर दोन्ही गट एकाच वेळी रस्त्यावर येऊ नयेत. पाहुण्यांना थांबवायचे असेल तर किती वेळ आणि का, हे शेवटच्या शिट्टीपूर्वी जाहीर करावे आणि तेवढा वेळ दिवे, पाणी व स्वच्छतागृह चालू ठेवावे. शेवटची एसटी गाठायची असणाऱ्यांना आधी सोडावे. पाहुण्यांचे शेवटचे वाहन गावाबाहेर पडल्याचे कळेपर्यंत स्वयंसेवकांना घरी पाठवू नये. त्याच रात्री पाहुण्यांच्या प्रतिनिधीला फोन करून तक्रारी लिहून घ्याव्यात आणि पुढचा सामना ज्या गावी आहे तेथील आयोजकांना ती टिपणे पाठवावीत.