ठाण्याहून हम्फ्रीज शिखराकडे: पायांची आणि श्वासाची तयारी

अॅरिझोनातील फ्लॅगस्टाफजवळचे हम्फ्रीज शिखर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को पीक्स या विझलेल्या ज्वालामुखीचे सर्वोच्च टोक, 3,851 मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर आहे आणि फ्लॅगस्टाफ शहरच सुमारे 2,100 मीटरवर वसलेले असल्याने तेथे उतरल्याबरोबर आपण कळसूबाईच्या वर पोहोचलेले असतो.

पायांची तयारी ठाण्यात उत्तम होते. दर रविवारी येऊरच्या चढावर पाठीवर चार लिटर पाणी घेऊन चालावे आणि महिन्यातून एकदा प्रबळगडासारखा लांब चढ करावा, कारण अॅरिझोना स्नोबोल या स्कीइंगच्या ठिकाणाहून निघणारी वाट जाऊन-येऊन सुमारे 16 किलोमीटरची असून चढाई हजार मीटरच्या आसपास आहे. फुप्फुसांची तयारी मात्र समुद्रकाठच्या गावात होत नाही, त्यामुळे चढाईपूर्वी दोन-तीन दिवस फ्लॅगस्टाफमध्येच मुक्काम करावा. वर डोके ठणकू लागले, मळमळू लागले, तर थोडे थांबून पाहावे आणि बरे न वाटल्यास खाली उतरावे.

आपल्याकडच्या ट्रेकरांची खरी चूक पावसाबाबत होते. जुलैत भिजत गड चढण्याची आपल्याला सवय असते, किंबहुना तेवढ्यासाठीच आपण घराबाहेर पडतो. पण तेथे जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी वादळी ढग जमतात आणि सुमारे 3,500 मीटरच्या वर, झाडे संपल्यानंतर, विजेपासून आडोसा मिळत नाही. म्हणून पहाटेच, डोक्याला टॉर्च बांधून निघावे आणि माध्यान्हीपूर्वी माथा सोडून झाडीकडे परतावे. शिखराआधीच्या खिंडीत पोहोचल्यावर ढग फुगताना दिसले तर तेथूनच फिरावे. खिंडीनंतर शिखर आलेच असे भासवणारे खोटे माथे एकामागून एक लागतात, याची मनाला आधीच कल्पना द्यावी.

कोरड्या हवेत घाम अंगावर टिकत नसल्याने तहान उशिरा कळते. दर अर्ध्या तासाने घोटभर पाणी प्यावे. माथ्यावरच्या वाऱ्यासाठी जाड जॅकेट न्यावे.

झाडीच्या वर वाट सोडू नये, कारण तेथील दगडगोट्यांत जगात अन्यत्र न आढळणारी एक पिवळ्या फुलांची वनस्पती वाढते. होपी आणि नवाहो या तेथील आदिवासी लोकांसाठी हा पर्वत पवित्र आहे, तेव्हा माथ्यावर आरोळ्या ठोकू नयेत.