रंग उडालेला चालेल, लाकूड पोखरलेलं नको

जुन्या बाजारातून घर सजवलं की स्वस्तात पडतं, असं सगळे म्हणतात. मी पेशाने हिशेबनीस, त्यामुळे हे वाक्य मला कधीच पूर्ण वाटलं नाही. कवडीमोलाने आणलेल्या कपाटाला आधी बिजागऱ्या लागतात, मग नवी पाठ, मग सुताराची मजुरी, मग पॉलिश. बेरीज केली तर नवं कपाट दारात उभं राहिलं असतं. म्हणून दुकानात पाकीट काढण्याआधी मी फोनमध्ये दोन आकडे लिहिते: वस्तूची किंमत आणि तिच्यावर होणारा खर्च. त्या दुसऱ्या आकड्याचा अंदाजच येत नसेल, तर ती वस्तू माझी नाही.

तो अंदाज यायला एकच प्रश्न पुरतो. हिचं वरचं बिघडलंय की आतलं? रंग, पॉलिश, डाग, मुठी, फाटकं कापड हे सगळं वरचं. ते सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत बसून कुणालाही जमतं. पाण्याने फुगलेला बोर्ड, पोखरलेलं लाकूड, पिळवटलेली चौकट हे आतलं. त्याच्या नादी लागू नये, नक्षी कितीही सुंदर असली तरी. आणि दुकानदाराने “अँटिक पीस आहे” म्हटलं, तर मी आधी तो पीस उलटा करून बघते.

पिशवीत काय असावं

मोजायची टेप, छोटा टॉर्च, एक चुंबक, टाचणी, आणि फोनमध्ये घराची मापं. मापं म्हणजे खोलीचीच नव्हेत. दाराची रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टची उंची हीसुद्धा. माझा धाकटा भाऊ सामान उचलायला येतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, दारातून जाईल का ते आधी सांग.” मी आकडा सांगितल्याशिवाय तो वस्तूला हात लावत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

लाकडी वस्तू समोरून बघूच नका. मागून, खालून, खण बाहेर काढून बघा. वरच्या फळीवरच्या रेषा कडेवरून खाली तशाच वळलेल्या दिसल्या किंवा कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली, तर वर व्हिनियर, म्हणजे बोर्डावर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा आहे. व्हिनियर वाईट नसतं, पण हल्लीच्या वस्तूंवर ते एक मिलिमीटरही जाड नसतं, त्यामुळे जोरात घासलं की खालचा बोर्ड उघडा पडतो. पार्टिकल बोर्ड ओळखायचा तर स्क्रूच्या भोकात किंवा पाठीमागच्या कडेला टॉर्च मारा, भुशाचा चुरा दाबून बसवल्यासारखा दिसेल. तो एकदा पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही. खालची कडा बोटाने चाचपा, फुगवटा हाताला लागतो.

किड्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण घरातल्या चांगल्या फर्निचरचंही नुकसान इथूनच सुरू होतं. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली म्हणजे किडा आत आहेच असं नाही. कदाचित तो कधीच निघून गेला असेल. पण भोकाखाली फिकट रंगाची ताजी पूड पडलेली असेल तर तो अजून खातोय. दुकानात खण पांढऱ्या कागदावर आपटून बघा. शंका उरली तर वस्तू घरात न घेता काही दिवस बाहेर कागदावर ठेवा आणि नवी पूड पडते का ते बघा. टाचणी भोकाजवळ दाबल्यावर सहज आत गेली तर विषय संपला. वाळवीचं लाकूड वरून धडधाकट दिसतं, पण टकटक केलं की पोकळ वाजतं.

चुंबक पितळेसाठी. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला म्हणजे आत लोखंड आणि वर मुलामा. पण जस्ताच्या ओतीव वस्तूलाही चुंबक चिकटत नाही, म्हणून तळाशी एखादा जुना ओरखडा शोधा. आत पिवळं दिसलं तर पितळ, पांढुरकं दिसलं तर मुलामा.

गाद्या, उशा आणि कापडी सोफे मी जुने घेत नाही. लाकडी सांगाडा फारच चांगला असेल तर कापड आणि फोम तिथेच काढून टाकायची तयारी ठेवूनच घेते. ढेकणांचे काळे ठिपके शिवणींत आणि स्क्रूच्या खाचांत सापडतात, टॉर्च तिथे मारायचा. पडदे, चादरी, टेबलक्लॉथ मात्र बिनधास्त घ्या. फक्त घरी आल्या आल्या कापडाला सोसेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. बाळाचा पाळणा जुना घेऊ नका. त्याच्या दांड्यांमधलं अंतर आणि रंगात काय आहे, हे आपल्याला कळत नाही.

हलणारी खुर्ची

हलते म्हणून लोक खुर्ची सोडून देतात, आणि म्हणूनच ती स्वस्त मिळते. पाय तुटलेला नसून नुसता सांधा सुटलेला असेल तर ती बेलाशक उचला.

सुटलेल्या सांध्यात वरून गोंद पिळणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. नवा गोंद जुन्या गोंदाच्या थरावर धरत नाही, त्याला लाकूड लागतं. म्हणून सांधा पूर्ण उघडायचा. खुर्ची चादरीवर आडवी करा, प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने खूण करा, आणि रबरी हातोडी नसेल तर साध्या हातोडीला कापड गुंडाळून हलकेच ठोका. आधी खिळे आहेत का बघा. कुणीतरी कधीतरी मारलेला असतोच, तो न काढता ठोकलं तर लाकूड चिरतं. निघायला नखरे करणाऱ्या सांध्यावर गरम व्हिनेगर लावून थोडा वेळ थांबा. जुन्या काळचा सरस त्याने मऊ पडतो.

मग दांडीचं टोक आणि ते ज्यात बसतं ते भोक, दोन्ही सुरीने खरवडून लाकूड दिसेपर्यंत साफ करा. लाकूड मात्र तासू नका, टोक बारीक झालं तर सांधा पुन्हा सैलच राहणार. आधीच सैल असेल तर टोकाला लाकडाचा पातळ पापुद्रा गोंदाने चिकटवून जाड करा. आता फेविकॉलसारखा सुतारी गोंद दोन्हीकडे लावा, सांधे बसवा आणि खुर्ची सपाट जमिनीवर उभी करा. चारही पाय टेकले पाहिजेत. हे गोंद ओला असतानाच बघायचं, वाळल्यावर बघून उपयोग नाही. शिकंजा नसला तरी अडत नाही. पायांभोवती दोरीचे दोन वेढे घ्या, मध्ये काठी घाला आणि पीळ देत जा. दोरी ताणली की सांधे आवळले जातात. दोरीखाली कापडाच्या घड्या ठेवा, नाहीतर वळ उठतात. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा, कारण राहिलेल्या गोंदावर पॉलिश चढत नाही. एक रात्र हात लावू नका, आणि बसायची परीक्षा पूर्ण दिवस गेल्यावरच घ्या.

वेताची बैठक खाली झोल पडून लोंबत असेल पण वेत तुटलेला नसेल, तर खालच्या बाजूने कोमट पाण्याच्या फडक्याने ती भिजवा आणि हवेशीर जागी वाळू द्या. वाळताना वेत आक्रसतो आणि बैठक ताठ होते. एक वेतही तुटला असेल तर मात्र हे चालत नाही, ते विणणाऱ्याचं काम.

धुवा, मग ठरवा

रंगाच्या दुकानात जाण्याआधी वस्तू धुवा. कोमट पाणी, थोडा साबण, घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. निम्म्या वेळा ‘पॉलिश गेलंय’ असं जे वाटतं तो हातांचा चिकट मळ असतो आणि खालचं पॉलिश उत्तम निघतं. मग मेण घासून चमकवलं की झालं. हा खर्च माझ्या वहीत शून्याच्या जवळ येतो, म्हणून मला तो सर्वांत प्रिय.

पेल्याचे पांढरे गोल डाग पॉलिशमध्ये अडकलेल्या ओलाव्याचे असतात. वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री काही सेकंद फिरवली की बरेचसे निघतात. काळा डाग वेगळा, तो लाकडातच उतरलेला असतो. त्यावर एखादी कुंडी ठेवा किंवा वस्तू रंगवायची ठरवा.

पॉलिशच करायचं असेल तर आधी कोणतं आहे ते तपासा. खालच्या न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे आणि त्यावर पुन्हा तेच चढवता येतं. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलियुरेथेनसारखं टणक काहीतरी असणार, ते घासूनच काढावं लागतं.

रंगवायचं असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १८०, शेवटी २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. भोकं आणि खाचा लांबीने (पुट्टीने) भरून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाणी लावून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. गडद लाकडावर पांढरा रंग द्यायचा असेल तर लाखेचा प्रायमर आधी हवाच. नाहीतर लाकडातला टॅनिनचा पिवळसर डाग दोन हातांमधूनही वर येतो आणि दोष उगाच रंगाला जातो. पातळ दोन हात एका जाड हातापेक्षा चांगले, मधे ३२० नंबरने हलकं घासायचं. आणि रंग हाताला वाळलेला लागला म्हणजे मुरला नव्हे. पाण्याच्या रंगाला पूर्ण टणक व्हायला दोन-चार आठवडे लागतात. तोवर त्यावर जड किंवा गरम काही ठेवू नका.

जवसाच्या तेलाने पुसणार असाल तर ते फडकं चुरगाळून डब्यात टाकू नका. वाळताना त्या तेलातून उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

छोट्या दुरुस्त्या चटकन सांगून टाकते. अडकणाऱ्या खणाच्या कडांना मेणबत्ती घासा. बिजागरीचा स्क्रू गरगर फिरत असेल तर भोकात गोंद लावलेल्या काडेपेटीच्या काड्या भरा, वाळल्यावर तोच स्क्रू पुन्हा बसवा. पितळेला लिंबू आणि मीठ, पण वर लॅकरचा थर असेल तर तो थिनरने काढल्याशिवाय लिंबू काही करत नाही. जुन्या दिव्याची वायर, होल्डर आणि प्लग न बघता बदलून घ्या, स्वतःला येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून. मुठी बदलणं हा सर्वांत कमी कष्टात कपाटाचं रूप पालटणारा प्रकार. नव्या हँडलसाठी दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजून न्या. ६४, ७६, ९६ आणि १२८ मिलिमीटर ही मापं सहज मिळतात.

घर दिसावं, गोदाम नव्हे

दहा ठिकाणच्या दहा वस्तू एका खोलीत आल्या की जो गोंधळ होतो, त्यावर माझा उपाय म्हणजे कशाचा तरी एक धागा ठेवणं. वेगवेगळ्या चार खुर्च्या एकाच रंगात रंगवा, त्या भावंडं वाटतात. रंग सारखे नको असतील तर मुठी तरी सगळीकडे सारख्या असू द्या. चौकटींचंही तसंच. आतल्या चित्राकडे बघून जुनी चौकट घ्यायचीच नसते, चित्र आपलं लावायचं. सगळ्या चौकटींना एकच काळा रंग आणि आत पांढऱ्या जाड कागदाची रुंद पट्टी दिली की भिंत एकदम नीटस दिसते.

टेबल एकीकडून आणि खुर्च्या दुसरीकडून घेताना टेप काढा. बैठकीपासून टेबलाच्या वरच्या फळीपर्यंत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर असेल तरच बसणं सुखाचं होतं. टेबल साधारण ७५ आणि बैठक ४५ सेंटिमीटर असेल तर चिंता नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला बरोबर पडतो. सोफ्याच्या वर टांगताना पाठीपासून १५-२० सेंटिमीटरच वर. फार वर टांगलेलं चित्र छताला लटकल्यासारखं दिसतं.

जुन्या आरशावरचे काळे डाग पुसून जात नाहीत, कारण ते काचेमागच्या चांदीच्या थरात असतात. चेहरा बघायला तो आरसा नकोच, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर प्रकाश फिरवायला लावा. जड आरशामागची जुनी दोरी काढून टाका. नवी वायर आणि भिंतीत दोन स्वतंत्र हुक लावा, म्हणजे वजन वाटलं जातं आणि आरसा तिरपाही होत नाही. उंच खणांचं कपाट असेल आणि घरात लहान मूल असेल, तर त्याची पाठ पट्टीने भिंतीला बांधा, कितीही जड वाटलं तरी. सगळे खण एकदम उघडले की जड कपाटसुद्धा पुढे झुकतं.