गावागावांतलं मुलींचं प्रमाण: जनगणनेच्या फायलीतून नकाशापर्यंत

२०११ साली महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. हे आकडे भाषणांतून वारंवार कानावर येतात. पण जिल्ह्याच्या आत कोणत्या तालुक्यात, कोणत्या गावांच्या पट्ट्यात मुली कमी आहेत, ते आपलं आपल्यालाच काढावं लागतं. त्याला साधा लॅपटॉप, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि दोन-तीन दिवस पुरतात. २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून गावपातळीवर आधार अजून २०११चाच.

जनगणनेच्या संकेतस्थळावरून महाराष्ट्राची ‘प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ ही फाईल (गावागावाच्या मूळ आकड्यांचा गोषवारा) उतरवून घ्या. राज्याचा कोड २७. आपल्याला लागतात ते स्तंभ थोडेच: जिल्हा, तालुका व गावाचे कोड, लेव्हल (ओळ कोणत्या स्तराची), टीआरयू (एकूण, ग्रामीण की शहरी), एकूण लोकसंख्या, एम_०६ (मुलगे) आणि एफ_०६ (मुली). फाईल वाचताना सगळे कोड मजकूर म्हणूनच वाचायला सांगा. आकडा म्हणून वाचले की तालुक्याच्या कोडातलं पुढचं शून्य गळतं (०३९५० चं ३९५० होतं) आणि पुढे नकाशाशी जोडताना अख्खे तालुके रिकामे राहतात.

पहिली मोठी चूक इथेच होते. एकाच फायलीत जिल्हा, तालुका, गाव, शहर आणि प्रभाग अशा सगळ्या स्तरांच्या ओळी असतात, वर ‘एकूण, ग्रामीण, शहरी’ अशा वेगळ्या ओळीही. सरसकट बेरीज केली तर तीच माणसं अनेकदा मोजली जातात. गावांसाठी लेव्हल ‘व्हिलेज’ आणि शहरांसाठी ‘टाऊन’ एवढ्याच ओळी ठेवा. मग एकूण लोकसंख्येची बेरीज करून बघा: ११,२३,७४,३३३ यायला हवी. ती जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

बालकांचा आकडा ताडून बघताना अंतिम आकडेच घ्या. आधी जाहीर झालेल्या हंगामी आकडेवारीत राज्याचं गुणोत्तर (हजार मुलांमागे मुली) ८८३ आणि बीडचं ८०१ होतं. जुन्या बातम्यांत अजून तेच सापडतं.

आता खरा मुद्दा. एका गावात ६० बालकं आहेत, ३६ मुलगे, २४ मुली. गुणोत्तर ६६७. दुसऱ्या गावात ९०० मुलगे, ६०० मुली. तेही ६६७च. यादीत दोन्ही शेजारी-शेजारी बसतील, पण दोन्हींचा अर्थ एक नाही. तालुक्याचं खरं गुणोत्तर ८५२ धरलं, तर ६० बालकांच्या गावात निव्वळ योगायोगाने ते ५०० पासून १४०० पर्यंत कुठेही पडू शकतं. १५०० बालकांच्या गावात ही हेलकाव्याची हद्द साधारण ७७० ते ९४० इतकीच, म्हणून तिथलं ६६७ गंभीर आहे. कच्च्या गुणोत्तराने उतरती यादी लावली की वर-खाली दोन्ही टोकांना चिमुकली गावंच येतात, आणि त्यावरून ‘सर्वात वाईट गाव’ ठरवणं हा त्या गावावर अन्याय आहे.

उपाय सोपा आहे. प्रत्येक गावात तालुक्याच्या प्रमाणातली २०० काल्पनिक बालकं मिसळा. तालुक्यात मुलींचा वाटा ०.४६ (म्हणजे गुणोत्तर ८५२) असेल तर ९२ मुली आणि १०८ मुलगे. पहिलं गाव ११६ भागिले १४४, म्हणजे ८०६ वर येतं. दुसरं ६९२ भागिले १००८, म्हणजे ६८७ वर. मोठ्या गावाचा आकडा जवळपास तसाच राहिला, छोट्याचा तालुक्याकडे सरकला. २०० ऐवजी १०० आणि ४०० घेऊनही चालवा. वरच्या गावांचा क्रम फार बदलत असेल तर निष्कर्ष काढायला विदा (डेटा) पुरेशी नाही.

नकाशा जोडताना नावांवर विसंबू नका. जनगणनेत रायगडचं ‘रायगढ’ आहे, बीडचं ‘बिड’, आणि उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय. जोडायचं ते कोडानेच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. २०११च्या ३५ जिल्ह्यांत तो ठाण्यातच आहे. आजचा ३६ जिल्ह्यांचा नकाशा हवा असेल तर वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे आठ तालुके वेगळे काढून बेरीज करा.

बीडसारख्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सोडू नका. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. त्या पूर्ण काळात फडावर असलेली ऊसतोड कुटुंबं गावात मोजायची नाहीत असा नियम होता. ती कारखान्याच्या तळावर मोजली गेली असतील किंवा सुटलीही असतील. त्यामुळे गावातली बालकांची संख्याच मुळात अपुरी असू शकते. शिवाय हा आकडा जन्माच्या वेळचा नाही: त्यात २००४ ते २०११ मधले जन्म आणि त्यानंतरचे बालमृत्यू दोन्ही आले. एखाद्या वर्षी सोनोग्राफी केंद्रावर झालेल्या कारवाईचा परिणाम यात शोधू नका.

जातीबद्दलही काही सिद्ध होत नाही. फायलीत अनुसूचित जाती-जमातींची एकूण संख्या आहे, त्यांच्या ० ते ६ वयाच्या बालकांची नाही.

प्रसिद्ध करताना तालुक्याचा नकाशा पुढे ठेवा. गावाचा नकाशा द्यायचाच असेल तर ५० पेक्षा कमी बालकं असलेली गावं राखाडी सोडा, आणि प्रत्येक गावावर बोट ठेवलं की मुलगे-मुलींची मूळ संख्या दिसेल अशी सोय करा.